कोकंदच्या पिकदाणीत पडलेली यादी

मित्रांनो, आशिया खंडात राष्ट्रभावनेचा उदय झाला तो सर्वप्रथम माझ्या पोटात. तरीही इतिहासाच्या पुस्तकात माझे नाव नाही, कारण मी एक जुनी पिकदाणी आहे.

मध्य आशियातल्या कोकंद शहरातल्या तांबटाने माझ्या गळ्याभोवती डाळिंबांची नक्षी कोरली. "काय देखणी आहे!" असे सगळे म्हणाले आणि थुंकले. पुढे माझे आयुष्य एका चहाखान्यात गेले. तिथले पुरुष जिभेखाली तंबाखूची हिरवी पूड धरून बसत. तोंड भरलेले असताना बोलता येत नाही. म्हणून देशाविषयी बोलायचे असले की आधी माझ्यात थुंकत. "झारचं राज्य फार झालं!" एवढे म्हणत आणि घाईघाईने दुसरी चिमूट भरत. किळस मला थुंकीची नव्हती, त्या भाषणांची होती.

एकोणीसशे सोळाच्या उन्हाळ्यात हुकूम सुटला: झारच्या लढाईत खंदक खणायला माणसे द्या. मोहल्ल्याचा मुखिया यर्मत याने यादी केली. बड्यांची पोरे तिच्यातून आपोआप गळाली. विधवा हमरोबीबीचा एकुलता एक मुलगा तुर्दी मात्र पहिल्याच ओळीत!

अंमलदार यादी न्यायला येणार होता, त्या दिवशी हमरोबीबी थेट चहाखान्यात शिरली. तिथे बाई कधी पाऊल टाकत नसे.

"यर्मतदादा, तुमचे तिघे मुलगे कुठायत यादीत?"

"त्यांना कंबरदुखी आहे गं, बहिणी."

"तिघांनाही? बसून बसून झाली असेल!"

तिने यादी हिसकावली आणि माझ्यात कोंबली. तेवढ्यात रशियन अंमलदार दारात उभा. त्याच उन्हाळ्यातला दुसरा हुकूम असा, की साहेब दिसला की उठून कमरेत वाकायचे. सगळे उठले. म्हातारा भटारी सोत्ती माझ्यापाशी आला, नियमाप्रमाणे खोल वाकला आणि थुंकला. मग दुसरा आला, मग तिसरा. एकवीस जण वाकले. मुजऱ्यात खोट काढायला जागा नव्हती.

"यादी कुठे आहे?" अंमलदाराने विचारले.

यर्मतने माझ्याकडे बोट दाखवले.

"काढ!"

यर्मतने बाही सारली, तो आत डोकावला आणि अंमलदाराच्या बुटांवर ओकला.

"नवी लिही," अंमलदार नाक दाबून म्हणाला.

नव्या यादीला आठ दिवस लागले. तोवर तुर्दी डोंगरापलीकडे पोचला होता. सगळे वाकले त्या दिवशी कोणी भाषण केले नाही, हे विशेष.

आज मी संग्रहालयात आहे. पाटीवर लिहिले आहे, 'शाही फुलदाणी'. दर सोमवारी मला बाहेरून चकाकवतात. विद्वान ती यादी कपाटाकपाटांत शोधतात. ती इथे तळाला चिकटली आहे. मित्रांनो, मला मानसन्मान नको. कोणीतरी एकदा आतून धुवा. पाणी मात्र कढत घ्या.