चाळीस यार्डांची फजिती

मी एक जुनी मोजणीची टेप आहे मित्रांनो, पण उगाच म्हातारी म्हणू नका हं! पन्नास मीटर लांब आहे मी. माझ्या एका बाजूला मीटर आणि दुसऱ्या बाजूला फूट छापलेले. सौदीत, तबूक शहरात, मी रत्नागिरीच्या जमालुद्दीन मुकादमांच्या हाती आले. त्यांनी माझ्याने पाये मोजले, भिंती मोजल्या, गोदामं मोजली. "माझी टेप कधी चुकायची नाही," असं ते चारचौघांत सांगत आणि मी फुगून जाई.

१९९१ साली आखाती युद्ध नुकतंच थांबलं होतं. आमच्या बांधकामाच्या साइटशेजारी अमेरिकन विमानांचा तळ होता. तिथला वेंडेल नावाचा सैनिक एकदा टेप मागायला आला. गडी कॉलेजात फुटबॉल खेळायचा. त्यांच्या फुटबॉलात चेंडू हातात घेऊन पळतात म्हणे! एक मोठा व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं पारखून घेत होता. वजन किती, उडी किती, चाळीस यार्ड किती सेकंदांत पळतो, सगळं तपासायचे. वेंडेल युद्धावर, म्हणून त्याचे आकडे पत्राने मागवले होते. धाव ४.६ सेकंदांच्या आत हवी, नाहीतर नाव कट!

वजन गव्हाच्या पोत्यांच्या काट्यावर झालं. उडीही झकास गेली. मग धावेसाठी मुकादमांनी मला रस्त्यावर ताणलं आणि चाळीसवर खडूची रेघ मारली. नाशिकचे इंजिनियर अरविंदसाहेब स्टॉपवॉच घेऊन उभे राहिले.

"यल्ला! पळ!" मुकादम अरबी थाटात ओरडले.

४.९! वेंडेल पुन्हा पळाला. पुन्हा ४.९. बिचारा मटकन खाली बसला. आकड्यांचं पत्र त्याच दुपारच्या टपालात पडायला हवं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण टेपला तोंड कुठलं!

इतक्यात अरविंदसाहेब माझ्यावर वाकले. "जमालभाई, हे तर मीटर आहेत!"

"मग? रोज मीटरच मोजतो ना आपण?"

"अहो, त्याला यार्ड हवेत! एक यार्ड म्हणजे तीन फूट, मीटरपेक्षा थोडा कमी. पोराला साडेतीन मीटर जास्त पळवलंत!"

"या अल्ला! माझं डोकं कुठे गेलं होतं?"

मुकादमांनी मला पालथं केलं, एकशे वीस फुटांवर नवी रेघ मारली आणि वेंडेलला हाताला धरून उठवलं. त्याला पाणी पाजलं, दम खाऊ दिला.

४.५! मुकादम असे नाचले की सगळी साइट काम सोडून बघत राहिली. मीही आनंदाने थरथरत होते.

उन्हाळ्यात वेंडेलचं कार्ड आलं. संघाने त्याला घेतलं होतं! मुकादमांनी सगळ्यांना खजूर वाटले आणि स्वतःची चूक स्वतःच हसत हसत सांगितली.

मित्रांनो, काम झालं की मला पुसून, नीट गुंडाळून ठेवा. आणि कुणी कमी भरला, तर त्याला घरी धाडण्याआधी तुम्ही मला कुठल्या बाजूने धरलंय, तेवढं बघा.