एकट्यानं काढलेला फोटो

आधीच सांगतो, मी खोटारडा माणूस नाही. लिफ्ट दुरुस्त करण्यात एकतीस वर्षं गेली माझी. दोर झिजला असेल तर झिजला म्हणूनच लिहून दिलं, मग बिल्डिंगचा मालक कितीही डोळे वटारो. पण एका बाबतीत मी बारा वर्षं धडधडीत खोटं बोललो, आणि तेही हौसेपायी, म्हणजे त्याला सबबसुद्धा नाही.

आमचं एक रानमंडळ आहे. सहा टाळकी. दर रविवारी सकाळी मास्तरांच्या गॅरेजात जमतो. मास्तर म्हणजे निवृत्त व्यायामशिक्षक, अजूनही बोलतात ते शिट्टी तोंडात असल्यासारखे. दोरीच्या गाठी, पाल्याचं छप्पर, लाकडावर लाकूड घासून विस्तव, असले आमचे उद्योग. हल्लीची मुलं याला बुशक्राफ्ट म्हणतात. आमच्या बायका म्हणायच्या, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

मंडळात मान कशाला, तर एकट्यानं काढलेल्या रात्रीला. रानात जायचं. काडेपेटी नाही, टॉर्च नाही, सोबत नाही. सकाळी परत आलं की मास्तर वहीत नोंद करतात. माझ्या नावावर छत्तीस रात्री. दुसऱ्या नंबरावर कंपाउंडर, त्याच्या अकरा. म्हणून मला सगळे एकांडा म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

छत्तीसच्या छत्तीस रात्री बायको बरोबर होती.

पहिल्या वेळी तिनं मला सोडलंच नाही. "तुम्हाला दमा आहे. धाप लागली तर झाड येणार आहे पाठ चोळायला?" म्हणाली. ती शाळेचे गणवेश शिवायची. घडीची खुर्ची, थर्मास आणि उजाडल्यावर काजं करायला दोन शर्ट, एवढं घेऊन माझ्यापासून तीसेक पावलांवर बसायची. सकाळी मी विस्तव पाडला की फोटो काढायची. मंडळात मी सांगायचो, कॅमेरा दगडावर ठेवला, टायमर लावला. तिला हे माहीत होतं. "सांगा काय सांगायचं ते," म्हणायची. "माझी काजं तर होतात."

ती गेली त्याला तेरा महिने होऊन गेले. साध्या तापाचं निमित्त झालं, पाच दिवसांत आटोपलं. घर खायला उठतं म्हणतात, तसं काही नसतं. घर काहीच करत नाही. ते नुसतं बसून राहतं आणि त्याच्याबरोबर आपणही. आठवडाभर मी बोलतो तो दूधवाल्याशी, आणि बोलतो ते एवढंच की अर्धा लिटर. रविवारी मात्र गॅरेजात शिरलं की कुणीतरी म्हणतं, ये एकांड्या, बस. त्या दोन तासांवर मी पुढचे सहा दिवस काढायचो.

अशात एका कंपनीनं फोटोस्पर्धा काढली. चाकू, दोरखंड, ताडपत्र्या विकणारी कंपनी. विषय : एकट्याची रात्र. मास्तर म्हणाले, मंडळातर्फे तुझा फोटो जाणार, दुसऱ्या कुणाचा जाणार? कंपाउंडरनं तिथल्या तिथे त्याच्या फोनवर अर्ज भरला. खाली नियम होते पंचवीस-तीस. गाठ तीनदा ओढून बघितल्याशिवाय दोरीवर भार न टाकणारे आम्ही लोक, पण नियम कुणी वाचला नाही. मी टिक केली आणि मोकळा झालो.

फोटो मी तिनं काढलेल्यांतला शेवटचा दिला. मी गुडघ्यावर बसून सालीच्या झुबक्यात फुंकर घालतोय, धूर निघालाय, कोवळं ऊन. आणि माझ्या गुडघ्याशी जमिनीवर तिची सावली. डोकं, खांदे आणि कॅमेरा धरल्यामुळे बाहेर आलेली दोन कोपरं. तेव्हा मी तिच्यावर खेकसलो होतो, सावली आणलीस मध्ये, फोटो वाया घालवलास. ती म्हणाली होती, "असू दे हो. मी पण आले त्यात." मंडळातल्यांना ती सावली झुडपाची वाटली. मीही झुडपाचीच म्हणालो.

पहिला नंबर आला. गॅरेजात पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली आणि मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती दोन दिवस दुखत होती.

महिन्याभरानं बाजारात खेळाच्या सामानाच्या दुकानापाशी मी थबकलो. काचेत पुरुषभर उंचीचा मी. फुंकर तीच, धूर तोच. खाली मोठ्या अक्षरांत : सोबतीला फक्त आमचा चाकू. तो चाकू मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही, पण माझ्या कमरेला लावलेला होता. त्याचं मला काही वाटलं नाही. मी गुडघ्याशी पाहिलं. तिथे नुसती माती होती. स्वच्छ, झाडून काढल्यासारखी. मी काचेला नाक लावून कितीतरी वेळ शोधत राहिलो. आत दुकानदार विचारायला लागला, काका, काय हवंय?

दुसऱ्या दिवशी कंपनीचं ऑफिस गाठलं. तिसरा मजला. लिफ्टचा दरवाजा खाली घासत होता, पण म्हटलं आज नाही सांगायचं. जाहिरातींचं बघणारी बाई माझ्या भाचीच्या वयाची, बोलायला नम्र. मी म्हटलं, फोटोत एक सावली होती, ती परत टाका.

तिनं नियमांचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "नवव्या नियमात आहे काका. फोटो आम्ही कुठेही वापरू शकतो, हवा तसा बदलू शकतो, नावसुद्धा द्यायला बांधील नाही. तुम्ही टिक केलंय. आणि सावली म्हणजे फोटोतला दोष असतो, म्हणून ती साफ केली."

"ती साफ करायची गोष्ट नाही," मी म्हणालो. "ती माझी बायको आहे."

मग मी सगळं सांगितलं. खुर्ची, थर्मास, काजं. एकदा तोंड उघडलं की मला थांबता येत नाही, आणि तेरा महिन्यांचं साठलेलं.

ऐकून घेतल्यावर तिनं त्याच कागदावर वर बोट ठेवलं. "तिसरा नियम. फोटो स्पर्धकानं स्वतः काढलेला हवा. काढला त्यांनी, म्हणजे फोटोवर हक्क त्यांचा. तुम्ही तो आम्हाला द्यायलाच नको होता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे तुम्ही लेखी दिलंत तर आम्हाला तो सगळीकडून उतरवावा लागेल. बक्षीस रद्द होईल आणि अर्ज मंडळातर्फे आहे म्हणून पत्र मंडळाला जाईल. नाहीतर मी काही ऐकलंच नाही असं समजते. तुम्ही बघा."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी खुर्चीत बसून राहिलो. मला बक्षिसाचं काही नव्हतं. मला गॅरेजचं शटर दिसत होतं, आणि ये एकांड्या, बस. ते गेलं तर उरतो दूधवाला. बारा वर्षं ती माझ्या मोठेपणासाठी गप्प राहिली, आता मी तिच्यासाठी एक कागद लिहायला का कू करतोय, हे लक्षात आलं तेव्हा माझी मलाच शरम वाटली. मी पेन मागितलं. बाईनं दिलेल्या फॉर्मवर फोटो काढणाऱ्याचं नाव या रकान्यात तिचं नाव लिहिलं, आख्खं, माहेरच्या आडनावासकट.

रविवारी गेलो तेव्हा पत्र येऊन पडलं होतं. कुणी बस म्हणालं नाही. मी उभाच राहिलो. कंपाउंडर दोरीचं टोक उसवत बसला होता. मास्तरांनी पत्र वाचून दाखवलं, घडी केली आणि वही काढली.

"किती लांब बसायच्या त्या?" मास्तरांनी विचारलं.

"तीस पावलं."

"म्हणजे हाकेच्या अंतरावर."

"हो."

"मग एकही रात्र धरता येत नाही." त्यांनी पट्टी ठेवून माझ्या छत्तीस ओळी एकेक करून खोडल्या. घाई केली नाही. मग मान वर न करता म्हणाले, "बारा वर्षांत एक तरी रात्र एकट्यानं काढलीस का रे? खरी?"

मला राग यायला हवा होता. आला नाही.

"काढल्यात की," मी म्हणालो. "चारशे सहा. रानात नाही, घरात. लिहायच्या असतील तर लिहा. सुरुवातीला दोन-तीनदा हाकसुद्धा मारून बघितली."

मास्तरांनी पेन कागदावर टेकवलं, पण काही लिहिलं नाही. कंपाउंडर उठून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.