गाडीची खांदशेकणी

आमच्या पिकअपच्या मीटरवर चार लाख बारा हजार किलोमीटर झाले होते, आणि केशोरीच्या स्टँडवर तिला कोणी पिकअप म्हणत नसे. खटारा म्हणत. मुन्ना तर येता-जाता टोमणा मारायचा, "दुर्गेशभाऊ, भंगारवाला तुझा पत्ता विचारून राहिला ना!" त्याची गाडी नवीकोरी. रोज संध्याकाळी तो ती इटियाडोह धरणाच्या नहरात, म्हणजे कालव्यात, उतरवायचा, अर्धी चाकं बुडेपर्यंत, आणि चकाचक करून आणायचा. मीही तेच करायचो. आमच्याकडचे सगळेच ड्रायव्हर करतात. पाणी फुकट, शिवाय पाय गार होतात.

माझा बा, उदाराम, यावर चिडायचा. जन्मभर बैल हाकलेला माणूस. बैलजोडी विकून गाडी घेतली, तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. पुढे त्याने गाडीचाच बैल करून टाकला. गाडी घरी आली की प्रत्येक चाकाच्या मधोमध तळहात ठेवून बघणार, ऑइल बघणार, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला धानाचा कोंडा जुन्या टूथब्रशने काढत बसणार. शेजारीपाजारी हसायचे आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

यंदा पोळ्याच्या पाडव्यावर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसावर, आमचं सगळं अडलं होतं. त्या दिवशी गोंदियात मासळी हातोहात खपते. मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष रुख्माबाईंनी निरोप धाडला होता की मुन्ना आणि मी, दोघांनी अर्धा अर्धा माल न्यायचा. सकाळी नवाच्या आत जो आधी बाजारात पोचेल, त्याला वर्षभराचं काम. हे काम हुकलं तर गाडी भंगारात घालायची, असं मी घरात सांगून टाकलं होतं. बा उठून गाडीपाशी जाऊन बसला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि त्यांना जुंपत नाहीत. मला नेमकी त्याच दिवशी सिमेंटची खेप मिळाली. बघतो तर किल्ली बाच्या खिशात.

"आज गाडी जुपाची नाही," बा म्हणाला.

"बा, हा बैल नोहे! लोखंड हाये!"

"मंग लोखंडाले खांदा नसते का?" त्याने माझा हात ओढून पुढच्या डाव्या चाकावर ठेवला. "काल तू आला तवा हे एकच चाक तापलं होतं. बाकीचे तीन कोमट. जॅक लाव अन् फिरवून पाह्य."

फिरवलं. आतून खरखर आली. खोललं तर ग्रीसचं पार ताक झालेलं, आणि बेअरिंगवर गंजाचे डाग.

"नहराचं पाणी," बा म्हणाला. "तापलं चाक पाण्यात उतरवून राहिला तू. कायले? गार वाटते म्हणून?"

अर्जुनीहून नवं बेअरिंग आणि सील आणलं. बाने तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगच्या फटीफटीत दाबून भरला. मग बाकीची चाकं खोलली, ऑइल बदललं, फुगलेला पाण्याचा पाइप काढून नवा बसवला. संध्याकाळी त्याने पळसाचं पान कोमट तुपात बुडवून बॉनेटला लावलं आणि बैलांना देतात तसं जेवणाचं आमंत्रण दिलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." कोणी बघत नाही ना, म्हणून मी दोन्हीकडे मान फिरवली.

पाडव्याला उजाडायच्या सुमारास माल भरला. रुख्माबाई अर्थातच मुन्नाच्या गाडीत बसल्या. मुन्ना हॉर्न वाजवत पुढे निघून गेला आणि मी मागून निघालो.

कोहमाऱ्याच्या अलीकडे तो दिसला. गाडी कडेला, पुढचं चाक तिरकं, त्यातून धूर. बेअरिंग जळलं होतं. खोटं कशाला बोलू, थेट पुढे जावं असं मनात आलं. पण त्याच्या क्रेटांमधली मासळीही सोसायटीतल्या त्याच घरांची होती. मी थांबलो. रुख्माबाईंनी बर्फाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हुकूम सोडला, "सगळा माल याच्या गाडीत टाका!"

दोन गाड्यांचा माल घेऊन आमची म्हातारी निघाली. रुख्माबाई शेजारी. "पोचंल का रे हे?"

"पोचंल," मी म्हणालो. बोलता बोलता बाची, नहराची, गरम चाकाची सगळी गोष्ट त्यांना सांगून टाकली. गाडीने ना धाप टाकली, ना कुरकुर केली. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. नवाला वीस मिनिटं कमी असताना आम्ही गोंदियाच्या मासळी बाजारात होतो!

रुख्माबाई उतरल्या. मासळीकडे न जाता आधी खाली वाकल्या आणि सगळ्या बाजारासमोर चारही चाकांवर हात ठेवून आल्या.

"एकसारखे हायेत चारही," त्या म्हणाल्या. "उद्यापासून हेच गाडी. अन् तुझ्या बाले सांग, सोसायटीच्या सगळ्या ड्रायव्हरायले शिकवाले ये म्हणा."

मी बाला फोन लावला. कामाचं त्याने विचारलंच नाही. "डावं चाक तापलं का?"

"नाही, बा. रुख्माबाईनं सोता हात लावून पाह्यलं." मी म्हणालो. "तू होता म्हणून पोचलो, बा."

बा खाकरला. "आवतन देलं होतं गाडीले. जेवाचं राहून गेलं. टाकी फुल करून आण."

गाडी घेतल्यापासून मी कधी टाकी फुल केली नव्हती. त्या दिवशी गळ्यापर्यंत भरली, आणि स्टँडवरून हॉर्न वाजवत घरी गेलो.