चवळी कुणी मारली?

"बाई, तुमच्या सांगण्यावरून कुणाचं पीक मेलं, तर तुमचा पगार कापतात का हो?"

अख्ख्या वर्गानं माना वळवल्या! मागच्या बाकावर तिच्या मैत्रिणी, चष्मिस आणि लांबी, तोंडावर वह्या दाबून फुसफुसत होत्या. पैज त्यांचीच. "भोंगा, दम असेल तर विचार." आणि वक्तृत्वात पहिली आल्यापासून भोंग्याला दम नाही म्हणायची कुणाची टाप होती?

व्याख्यानाला आलेल्या कृषी केंद्राच्या बाई चिडल्या नाहीत. "कुणाचं मेलं?"

"आमचं. मक्याच्या ओळींमध्ये चवळी लावा, तिच्या मुळांवरच्या गाठींनी जमिनीला खत मिळतं, असं तुम्हीच बाबांना सांगितलंत. लावली. अशी तरारली की बाबा रोज बांधावरून बघत बसायचे. आणि एका आठवड्यात गेली!"

"आधी वाळली, की पानं पिळवटली?"

"पिळवटली. दोरीसारखी."

"काय फवारलं होतं?"

"तणनाशक. पण मक्याचंच! डब्यावर तसं लिहिलंय."

"मक्याला ते काही करत नाही गं. रुंद पानाचं जे दिसेल ते मारतं. चवळीचं पान कसं असतं?"

"रुंद," भोंगा म्हणाली आणि खाली बसली.

घरात बारीक अक्षर वाचायचं काम तिचं. त्या दिवशी बाबा पंप पाठीला लावून उभे होते. "बघ गं, चालेल ना?" तिनं वरची ठळक ओळ वाचली, 'मक्यासाठी', आणि "बिनधास्त मारा!" असं ओरडून मैत्रिणींकडे धूम ठोकली. खालच्या ओळी वाचल्याच नव्हत्या.

शाळा सुटल्यावर ती मैत्रिणींसाठी थांबली नाही. आधी शेजारच्या काकांकडे गेली, मग घरी.

आई गाठोडं बांधत होती. उद्यापासून शेत काकांना कसायला, तीन वर्षांसाठी. आईबाबा वीटभट्टीवर आणि ती मावशीकडे. मक्यावर मका घेऊन जमिनीत जीव उरला नव्हता. चवळीवरच काय ती आशा होती.

"त्या बाईनं देशोधडीला लावलं," बाबा नेहमीसारखं म्हणाले.

"बाईंनी नाही. मी." तिनं सगळं सांगितलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते नखानं तळव्याचा घट्टा खरवडत राहिले. "मी त्या बाईला भर रस्त्यात वाट्टेल ते बोललो," ते म्हणाले.

"आता ही बडबड कशाला?" आईनं गाठ करकचून ओढली. "शब्द दिलाय. भट्टीचा मुकादम सकाळीच न्यायला येईल."

"माहितीये. तुम्हाला थांबा म्हणत नाही." तिनं डोळे पुसले. "मी काकांकडे जाऊन आले. विहिरीकडच्या चार ओळी द्या म्हटलं, तर म्हणाले घे, तिथं तसंही काही उगवत नाही."

"तू मावशीकडे जाणारेस."

"नाही. काकूंकडे राहीन, शाळा करीन. त्या चार ओळींत मका आणि चवळी मी लावणार, आणि तण हातानं काढणार. आई, माझे कपडे त्या गाठोड्यातून बाहेर काढ."