तोंडावर बोलायचं नाही

नवे पाळक ज्या घरात वाढले तिथे भांडण सकाळी पेटायचं आणि जेवणाच्या ताटावर विझायचं. वडील गरजायचे, आई दुप्पट गरजायची, आणि एकदा मोकळं बोलून झालं की कुणाच्या मनात काही उरायचं नाही. जे पोटात ते ओठांवर, हाच त्यांना खरा ख्रिस्ती स्वभाव वाटायचा. त्यामुळे या मंडळीत आल्यावर पहिलं भांडण कानावर आलं, तेव्हा त्यांना घाबरायचं काही कारणच दिसलं नाही.

भांडण होतं गायनमास्तरांचं आणि त्यांच्या मेहुण्याचं. मेहुण्याची कोपऱ्यावर बेकरी होती; प्रभुभोजनाची भाकर तिथूनच यायची. तालमीत बेकरीवाल्याच्या मुलीचा आवाज वरच्या सुरावर चिरकला आणि मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तू खाली बस, पोरी. तुझ्यापायी सगळं बेसूर होतंय." पोरगी खाली बसली नाही, घरी गेली. मग उपासनेला ती आली नाही, तिचे वडीलही आले नाहीत.

पाळकांनी मास्तरांना धरलं आणि थेट बेकरीत नेलं. भावाचं काही चुकलं तर त्याला जाऊन सांगावं, समोरासमोर मिटवावं, अशी तर प्रभूची शिकवण.

"बोला," पाळक बेकरीवाल्याला म्हणाले. "तुमच्या मनात काय आहे ते दाजींना तोंडावर सांगून टाका."

गिऱ्हाईकं पाव घ्यायचं विसरून बघत राहिली. भट्टीजवळचे कामगार थांबले. बेकरीवाला छान हसला. "माझ्या मनात? छे हो! काहीच नाही. दाजी, चहा घेणार?"

मास्तरांनी चहा घेतला, तोंड भाजेल इतक्या घाईनं संपवला आणि निघून गेले. पाळक खुशीत घरी परतले. मिटलं एकदाचं!

रविवारी बेकरीवाल्याचे भाऊ, भावजया, पुतणे, कुणी म्हणजे कुणी आलं नाही. डावीकडची बाकं ओस पडली. प्रभुभोजनाची भाकर दुसऱ्या दुकानातून आणावी लागली. मास्तरांनी पेटी उघडलीच नाही. पाळक रिकाम्या बाकांकडे बघत कसंबसं बोलले. आपल्या हातून मंडळी फुटली, या विचारानं त्यांनी जेवणाचं ताट तसंच सरकवलं.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. बेकरीवाल्याची थोरली बहीण आणि मास्तरांची बायको, म्हणजे दोन्हीकडून भरडली जाणारी बाई. पण आल्या त्या हसतच.

"तुम्ही माझ्या भावाला त्याच्याच दुकानात, त्याच्याच कामगारांसमोर विचारलंत, तुला लागलं का म्हणून. तो काय सांगणार होता?"

"खरं सांगायचं!"

"अहो, खरं सांगितलं असतं तर थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा भर दुकानात पाणउतारा झाला असता. आमच्याकडे तोंडावर बोलत नाहीत. मधलं माणूस जातं."

पाळकांचं तोंड वाकडं झालं. "ही लपवाछपवी झाली, ताई."

"तुम्हीच दर रविवारी सांगता ना, देव आणि माणूस यांच्यामध्ये कुणीतरी उभा राहिला म्हणून? मग मी उभी राहिले तर लपवाछपवी कशी?"

मग ताईंनीच सांगितलं: 'चुकलं माझं' असं मास्तर घरात दहादा म्हणून झालेत, पण मेहुण्यासमोर जीभ उचलत नाही. ताईंनी तो निरोप भावाला पोचवला, आणि भाऊ म्हणाला, दाजींना दुकान परकं आहे का? म्हणजे यायला हरकत नाही.

"बाकी ठीक," पाळक हळूच म्हणाले, "पण लागलंय ते पोरीला. तिला तरी मास्तरांनी स्वतः सांगावं. तिच्यासाठी मधलं माणूस नको."

मोठ्यानं लहानाची माफी मागायची, हे ताईंच्या घरात कुणी केलेलं नव्हतं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "विचारते त्यांना," शेवटी म्हणाल्या. "आणि हे बघा, तुम्ही बरोबर या, पण एक अक्षर बोलायचं नाही."

मास्तर तयार झाले. दुपारी दुकानात सामसूम असताना ताई, मास्तर आणि पाळक तिघं गेले. ताईंनी पाळकांच्या हातात एक गोड बन ठेवला. पाळकांनी त्याचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे बोलायची सोयच नको. बेकरीवाला पाठ करून भट्टीतले पाव काढत होता. मुलगी गल्ल्यापाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

मास्तर पावांवर हात फिरवत राहिले, खाकरले, छताकडे बघितलं. पाळकांचा जीव कासावीस झाला. बोला ना हो! पण तोंड भरलेलं होतं.

"पोरी," मास्तर म्हणाले, "पट्टी मी चुकीची धरली होती. फार वरची. तुझा आवाज चांगला आहे. चूक माझी."

भट्टीपाशी हलणारा हात थांबला. मुलीनं आधी आत्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "मग खालच्या पट्टीत घ्याल, आतोबा?"

"घेतो की. तू सांगशील तिथून."

बेकरीवाला वळला. डोळे लाल होते, ते भट्टीच्या धगीनं असं सगळे धरून चालले. त्यानं एक गरम पाव कागदात गुंडाळून मास्तरांच्या हातात दिला. "आणि रविवारी भाकर माझ्याकडूनच घ्यायची, दाजी. त्या दुसऱ्या दुकानाचा भुसा नको."

"तो भुसाच होता," मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसले.

रस्त्यावर आल्यावर पाळकांनी एकदाचा घास गिळला. मास्तर पाव छातीशी धरून पुढे चालले होते, मध्येच गुणगुणत. पाळकांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, तरी त्यांना राहवेना.

"ताई, पण मेहुण्याची माफी मागितली कुठे त्यांनी?"

"मागितली की," ताई म्हणाल्या, "आणि त्यानं दिलीसुद्धा. तुम्ही खात होतात."

पाळक भररस्त्यात खो खो हसत सुटले. पुढचे मास्तर वळून बघायला लागले, काय झालं म्हणून.