खुशालरावांचं गप्प बसणं

त्या वर्षांत वरूडकडच्या गावांमध्ये माणसाला गप्प बसायची सोय राहिली नव्हती. कोणी घटकाभर ओट्यावर एकटं बसलं, की चार जण येऊन पावसापाण्याच्या गोष्टी काढत. कुठल्या ना कुठल्या गावाहून शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी येतच राही आणि जी ती बाई आपल्या घरातल्या पुरुषाचं तोंड निरखून पाही. अशा दिवसांत मैनाबाईच्या घरी गप्प झाले ते खुद्द तिचे यजमान खुशालराव. शेंदूरजनाघाटच्या बाजारात ज्याच्या आवाजाला संत्र्याचे व्यापारी वचकून असत, तो माणूस.

बागेला काही धाड भरली नव्हती. संत्री चांगली उतरली होती, मुलगा गोपाल अकोल्याला नोकरीला लागला होता. तरी दिवाळीनंतर खुशालराव मंदावत गेले. बोलणं तुटलं. घास हातातच राहू लागला, भरदुपारी डोळे मिटू लागले. मैनाबाईने कामाला सुरुवात केली. फवारणीचं औषध जावेकडे गेलं, विहिरीचा दोर शेजारी गेला. रात्री आपल्या पदराची गाठ त्यांच्या धोतराच्या टोकाला मारून ती झोपे. ते संडासात गेले की बाहेर उभी राहून खाकरे. आणि वेळ तर त्यांना हल्ली फारच लागे.

गोपाल रोज फोन करून "बाबा, जेवले काय?" एवढंच विचारी. भजनी मंडळातले देवमन येऊन धीर देत, आणि खुशालराव ऐकता ऐकता पेंगत. "लय खचला माणूस," असं देवमन बाहेर येऊन सांगत. पेंगणाऱ्याला नुसती झोप आली असेल, हे काही कोणाच्या डोक्यात येईना. गावाची माया ही अशीच. एकदा जडली की माणसाला धड श्वाससुद्धा घेऊ देत नाही.

चैत्रात सकाळी सकाळी त्यांचा चेहरा सुजलेला दिसू लागला, पापण्या जड. हे रात्रभर मुकाट्याने रडतात, असं मैनाबाईने ठरवूनच टाकलं आणि मग मात्र तिचा धीर सुटला. उन्हाळा लागला तरी त्यांच्या अंगावरचा स्वेटर निघत नव्हता. त्या स्वेटरासकट त्यांना तिने गाडीत बसवलं आणि वरूडला सबीहा डॉक्टरीणबाईंकडे आणलं. या बाईंच्या हाताला गुण होता आणि जिभेला धार. बागेतले मजूर आणि व्यापारी त्यांच्या दवाखान्यात एकाच बाकावर बसत.

"यायचं डोकं शांत करायची गोळी द्या," मैनाबाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली. "बोलत नाई, बागेत जात नाई, रात्री रडते."

"रडताना पाहिलंत तुम्ही?"

"पाह्यलं नाई. पन तोंड पाहा न यायचं!"

"बरं. आता काकांना बोलू द्या."

"ते कायचं बोलते..."

"काकू," डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, आणि मैनाबाई खुर्चीत टेकली.

खुशालरावांनी सावकाश तोंड उघडलं. थंडी वाजते म्हणाले. अंगात जोर नाही, पोट साफ होत नाही. आवाज घोगरा निघत होता, जाडाभरडा. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली ती बराच वेळ सोडली नाही. हाताची कातडी चोळून पाहिली. मग त्यांना खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्याने आळस केला. बाईंनी पुन्हा मारली. पाऊल पुन्हा तसंच हळूहळू आलं.

त्यांना नीट बसवून बाईंनी विचारलं, "काका, स्पष्ट विचारते. जीव द्यावा असं मनात येतं का?"

मैनाबाईच्या हातातली पिशवी खाली पडली. इतके महिने तिने हा शब्द घराच्या उंबऱ्याआत येऊ दिला नव्हता. खुशालरावांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "नाई." ते खोटं बोलत आहेत याबद्दल मैनाबाईला तिळमात्र शंका नव्हती.

रक्त तपासायला अमरावतीला गेलं. रिपोर्ट आला तेव्हा दोघं पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसली होती.

"गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिचं काम मंदावलं, की सगळं अंग मंदावतं. थंडी, झोप, आवाज, पोट, सगळं त्याचंच. चेहरा सुजतो तोही त्यानेच. बायकांना जास्त होतं, पण पुरुषांनाही होतं."

मैनाबाईला आधी हसू आलं, मग रडू. "म्हंजे यायच्या मनात तसं काईच नव्हतं?"

"नव्हतं," खुशालराव म्हणाले. थांबले. बोलायला त्यांना कष्ट पडत होते. "पयले नव्हतं. पन तू दोर लपवला. पोरगा रोज फोन करे. देवमन येऊन बसे. मले वाटलं, आपल्याच ध्यानात येऊन नाई राह्यलं. सगळ्यायले दिसून राह्यलं, म्हंजे आपल्याले मरायचंच असंन. मंग मीबी तोच इचार करत बसो."

ज्या मरणाला मैनाबाईने दाराबाहेर अडवून धरलं होतं, त्याला तिनेच नवऱ्याच्या उशाशी आणून बसवलं होतं.

"मग त्या दिवशी 'नाही' असं का म्हणालात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हिच्यासमोर हो कसं म्हनू?"

डॉक्टरीणबाईंनी मैनाबाईला बाहेर बसवलं, खुशालरावांशी दार लोटून बोलल्या, आणि पुन्हा दोघांना समोर घेतलं. "गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या तासाने. फरक पडायला काही आठवडे जातील, पण पडेल. आणि तसा विचार पुन्हा आला, तर त्याच दिवशी काकूंना सांगायचं किंवा माझ्याकडे यायचं. लाजायचं नाही." एवढं सांगून त्यांनी गोळ्यांची बाटली पुढे केली. मैनाबाईचा हात सवयीने आधी गेला. बाईंनी तो हलकेच बाजूला केला आणि बाटली खुशालरावांच्या हातात दिली.

परतीच्या गाडीत खुशालराव खिडकीशी बसले. बाटली त्यांच्या बंडीच्या खिशात होती आणि मैनाबाईची नजर त्या खिशावरून हलत नव्हती.

"आता माह्याकडं पाहनं सोड वं," ते म्हणाले.

तिने मान दुसरीकडे वळवली. तशी वळवून ठेवणं तिला फार जड गेलं, पण घर येईपर्यंत तिने ती वळवूनच ठेवली.