दुप्पट वेगाचं इंजिन

आमच्या डेअरीची वेबसाइट वर्षानुवर्षं एकाच विकतच्या इंजिनवर चालत होती. इंजिन म्हणजे आम्ही लिहिलेला कोड वाचून पानं तयार करणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम. दुधाचा टँकर आपल्या फाटकाशी कधी येणार, हे सगळ्या साउथलँड भागातले शेतकरी त्या पानांवर बघायचे. आमचा कोड चालवणारी दोन फुकटची इंजिनंही होती. आमचा साहेब अ‍ॅलस्डेअर मला म्हणाला, "फर्गस, तुलना कर." त्यातलं एक आमच्या जुन्या कोडवर धड सुरूच होईना. दुसरं मात्र सुसाट निघालं.

"दुप्पट वेग?" मॉरागनं भुवया उंचावल्या. जुनं इंजिन तीच सांभाळत आली होती. "कोडमध्ये काय बदललंस?"

"हातसुद्धा लावला नाही."

"फुकटचं, वर दुप्पट? मला नाही पटत, बाबा."

तेव्हापासून तिची नजर माझ्या पाठीवर असायची. एकदा मी चीज रोल घेऊन आलो, तर बाई माझ्याच मशीनसमोर.

"काय शोधतेयस?"

"काही नाही. बघत होते."

त्यानंतरच्या चाचणीत माझं इंजिन अडखळलं. मग पुन्हा पळायला लागलं. हिनंच काहीतरी केलं, अशी माझी खात्री झाली. मी पासवर्ड बदलला आणि तिच्याशी बोलणं टाकलं.

थोड्याच दिवसांत आम्ही मोजक्या शेतकऱ्यांना नव्या इंजिनवरची पानं दाखवायला लागलो. लगेच नायरी टाकुरुआचा फोन. मटौरा गावापलीकडे तिच्या गाई.

"टँकर दुपारी येणार म्हणता, आणि तो सकाळीच येऊन फाटकाला कुलूप बघून परत गेला! कालची वेळ दाखवताय का मला?"

कालचीच होती. मी तडक मॉरागकडे गेलो. "खरं सांग, माझ्या मशीनवर काय केलंस?"

"इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. ताज्या दमानं किती धावतं, बघायचं होतं." ती थांबली. "पहिल्यांदा हळू, मग सुसाट... फर्गस, हे पान दर वेळी नव्यानं बनवतंय की एकदा बनवलेलंच पुढे करतंय?"

आम्ही दोघांनी सेटिंग उघडलं. पानं साठवून ठेवायची सोय आधीपासूनच चालू होती. मी ती कधी तपासलीच नव्हती.

"मुद्दाम ठेवलीस?"

"शप्पथ, नाही गं!"

"हं," एवढंच ती म्हणाली.

ती सोय बंद करून मॉरागनं सगळ्या चाचण्या स्वतःच्या मशीनवर पुन्हा घेतल्या. मी शेजारी बसून एकेक आकडा बघत होतो, कारण माझाही तिच्यावर भरवसा नव्हता. नवं इंजिन जेमतेम पुढे निघालं, पण निघालं. नायरीला ताजी वेळ दिसायला लागली. अ‍ॅलस्डेअरनं तेच निवडलं.

"ठीक आहे," मॉराग म्हणाली, "पण माझा अजून विश्वास नाही हं."

"इंजिनवर, की माझ्यावर?"

ती हसली. मग तिनं आणखी एक चाचणी लावली.